काऊनकी, सबब आणि बिकॉज

आमच्या अल्लीपुरात प्रश्न 'काऊन' असा सुरू होतो आणि उत्तर 'काऊनकी' असं. "काऊन नाही आला?" "काऊनकी गाडीच नव्हती." प्रश्नाच्याच शब्दाला 'की' जोडला की कारण तयार. शाळेत हा शब्द वहीत लिहिला की त्याखाली लाल रेघ यायची. इंग्रजीच्या तासाला मात्र फळ्यावर बिकॉज, ॲज, सिन्स, सो, देअरफोर असा तक्ता असायचा आणि तो पाठ करावा लागायचा.

आज पुण्यातल्या ऑफिसात मीटिंग मराठीत चालते, पण सांधे इंग्रजी असतात. "सो काल बिल्ड फेल झालं, बिकॉज..." असं मीही बोलतो. सर्व्हर, मोबाईल, तिकीट ही नामं आली ती वस्तूंबरोबर आली. पण 'म्हणून' आपल्याकडे होताच. मग 'सो' कशाला आला? हे शोधताना मी मराठीच्या जुन्या सांध्यांपर्यंत पोचलो.

'म्हणून' हे मुळात 'म्हणणे' या क्रियापदाचं रूप. ज्ञानेश्वरीत, म्हणजे १२९० मध्ये, 'म्हणौनि' पानोपानी भेटतो. आधी एक गोष्ट म्हणायची आणि ती म्हणून झाल्यावर पुढे जायचं, हीच त्यातली कारणमीमांसा. तेलुगूतला 'अनि' आणि कन्नडातला 'एंदु' हेही 'म्हणणे' या अर्थाच्या क्रियापदांतून आलेत आणि अशीच कामं करतात. म्हणजे हा सांधा दक्षिणेच्या शेजाऱ्यांशी जुळणारा आहे.

त्याच ज्ञानेश्वरीत 'कां जे' असाही शब्द येतो. अर्थ 'कारण'. 'का' हा प्रश्न आणि त्याला जोडलेला 'जे'. हिंदीतलं 'क्योंकि' असंच बनलंय आणि आमचं 'काऊनकी'सुद्धा. ज्याखाली लाल रेघ यायची, त्या शब्दाची घडण सातशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथातल्या शब्दासारखीच आहे.

मग फारसीचा दरबार आला आणि त्याच्याबरोबर मूळचा अरबी 'सबब' आला. मोडी पत्रांत विरामचिन्हं नसायची, शब्दही सलग लिहीत. तिथे वाक्य कुठे वळतंय हे असले शब्दच दाखवत. राज्यं गेली, पण 'सबब' सरकारी कागदावर अजून टिकून आहे.

इंग्रजी आली ती थेट शेजारच्या रकान्यात. ६ जानेवारी १८३२ ला बाळशास्त्री जांभेकरांनी सुरू केलेल्या 'दर्पण'मध्ये मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी छापला जाई. १८३६ मध्ये दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण आलं. मेजर थॉमस कँडी यांनी मराठीत विरामचिन्हं रुजवली. पुढे शालेय व्याकरणात या शब्दांचे दोन गट पक्के झाले. 'म्हणून, सबब, यास्तव' हे परिणामबोधक, तर 'कारण, का की' हे कारणबोधक. पहिल्या गटात कारण आधी येतं, दुसऱ्यात नंतर.

गंमत म्हणजे ज्या 'बिकॉज'चा एवढा रुबाब, तोही अस्सल इंग्रजी नाही. 'बाय' आणि 'कॉज' मिळून तो चौदाव्या शतकाच्या सुमारास फ्रेंच वळणावर घडला. 'सिन्स' आधी फक्त वेळ सांगायचा, कारण नंतर सांगू लागला. उसनवारी सगळ्यांनीच केली. त्यामुळे 'सो' म्हणणाऱ्याला झोडपण्यात मला रस नाही. मला वेगळीच काळजी वाटते. कारण सांगायची भाषा ज्याच्याकडे, त्याचंच कारण खरं धरलं जातं.

आमच्या जिल्ह्यात हे फार महागात पडतं. जुलै २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भासाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यातल्या सहा जिल्ह्यांत वर्धा होता. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला राज्य सरकार १ लाख रुपये देतं, पण प्रकरण 'पात्र' ठरलं तरच. त्यासाठी नापिकी, कर्जबाजारीपणा आणि परतफेडीचा तगादा यांची साखळी कागदावर दिसावी लागते. पीक गेलं म्हणून कर्ज थकलं, कर्ज थकलं म्हणून तगादा लागला. कर्ज बँकेचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं. नातेवाइकाकडून किंवा बिनपरवाना सावकाराकडून हातउसने घेतले असतील, तर साखळीतली एक कडी निसटते. मग शेरा पडतो, 'सबब अपात्र'.

घरातली बाई सगळं सांगते. पाऊस नव्हता म्हून पेरणी दोनदा केली, म्हून दागिना मोडला, म्हून ते बोलेनासे झाले. तिच्या बोलण्यात एकही कडी तुटलेली नसते. फाइलमध्ये मात्र तिचे तीन 'म्हून' मावत नाहीत आणि शेवटचा एक 'सबब' सगळं ठरवून जातो.

आम्ही इंजिनियर सर्व्हर पडला तर मूळ कारण सापडेपर्यंत पाच वेळा 'का' विचारतो. त्या बाईला किमान एकदा तरी नीट 'काऊन' विचारायला हवं आणि तिचं 'काऊनकी' तिच्याच शब्दांत उतरवून घ्यायला हवं, लाल रेघ न मारता.