खड्डे मे महिन्यात, रोप पावसात

१९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात गेला, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. तिथल्या सौंसर-पांढुर्ण्याची शेती मात्र विदर्भातल्या वरूड-काटोलच्याच वळणाची राहिली. २०२३ मध्ये सौंसर आणि पांढुर्णा हे तालुके मिळून पांढुर्णा जिल्हा झाला, तरी संत्र्याची रोपं अजूनही शेंदुरजनाघाटच्या रोपवाटिकांतून येतात. नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकात औरंगाबादहून आणलेलं, असं सांगितलं जाणारं हे फळ.

लागवडीचा हंगाम तसा आदल्या हिवाळ्यातच सुरू होतो. जंभेरीच्या खुंटावर डोळा भरायचा तो थंडीत. खड्डे उन्हाळ्यात खणायचे आणि उन्हात तापू द्यायचे. त्यातली कीड-बुरशी बरीचशी तिथेच मरते. मृग लागला की पेरणीची घाई असते, संत्र्याला ती नाही. जमीन खोलवर ओली झाली की जुलै-ऑगस्टमध्ये, साधारण सहा मीटरवर, हेक्टरी २७७ झाडं.

ओल हवी, पण साचलेलं पाणी नको. काळ्या जमिनीत पाणी तुंबलं की फायटोफ्थोरा बुरशी मुळं कुजवते. म्हणून चर काढायचे, गादीवाफे करायचे आणि कलमाचा जोड मातीच्या वर ठेवायचा. जोड गाडला गेला तर चांगला मुहूर्तही कामी येत नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पांढुर्ण्यातल्या दगडफेकीच्या मेळ्याला, म्हणजे गोटमारीला, जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात. ते एका दिवसाचंच! तोवर शहाण्या बागायतदाराची संत्र्याची लागवड आटोपलेली असते, आणि त्याचं लक्ष उघडीप पडली तर पाणी कुठून द्यायचं, याकडे लागलेलं असतं.