राजनांदगावचे पुस्तक, भिलाईचा वर्ग

सप्टेंबर १९६२मध्ये मध्य प्रदेश सरकारने एका शालेय पुस्तकावर बंदी घातली. पुस्तकाचे नाव ‘भारत : इतिहास और संस्कृति’. लेखक राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात हिंदी शिकवणारे प्राध्यापक, गजानन माधव मुक्तिबोध. घरची भाषा मराठी, लिहिण्यासाठी निवडलेली भाषा हिंदी. वय पंचेचाळिशीला टेकलेले, आणि कवितांचा एकही स्वतंत्र संग्रह तोवर निघालेला नव्हता. तो आला १९६४मध्ये, आणि कवीला काही तो हाती घेता आला नाही. धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीत लिहीत होते. एका घरातून दोन भाषांना दोन कवी मिळाले, हे नागपूरकडच्या वाचकाला नव्याने सांगायला नको.

पाठ्यपुस्तक लिहिण्यामागे पोटाचा प्रश्न होताच. प्राध्यापकाच्या पगारात मोठा संसार चालवणाऱ्या माणसाला पाठ्यपुस्तकाइतका भरवशाचा मेहनताना दुसरा नव्हता. पण मुक्तिबोधांनी ते उरकून टाकलेले नाही. राजे, लढाया आणि सनावळ्या बाजूला ठेवून समाज कसा घडत गेला, लोकांचे जगणे आणि विचार कसे बदलत गेले, हे शाळकरी मुलाला सांगायचा त्यात प्रयत्न आहे. शासनाच्या मंजूर यादीत ते लागलेही. मग ओरड झाली : यात आपल्या संस्कृतीचा अपमान आहे, धर्मभावना दुखावल्या जातात. प्रतिस्पर्धी प्रकाशकांनी ही आग पेटती ठेवली, असेही तेव्हापासून बोलले जाते. सरकार काँग्रेसचे होते. त्याने बंदी घातली, आणि प्रकरण जबलपूरच्या उच्च न्यायालयापर्यंत गेले. मुक्तिबोधांच्या मनावर या प्रकाराचा जो आघात झाला, त्याबद्दल त्यांचे मित्र हरिशंकर परसाई यांनी लिहून ठेवले आहे. दीड वर्षाच्या आत पक्षाघाताचा झटका आला आणि ११ सप्टेंबर १९६४ रोजी दिल्लीत ते गेले.

हिंदी साहित्याच्या इतिहासात ही घटना कवीवरच्या अन्यायाची म्हणून नोंदलेली आहे, आणि ते खरेच आहे. मला ती शाळेच्या इतिहासातली म्हणूनही वाचावीशी वाटते. देशातल्या सगळ्या मुलांनी एकच अभ्यासक्रम शिकावा का, हा प्रश्न आज पुन्हा जोरात विचारला जातो. त्याच्या दोन्ही बाजू त्या एकाच काळात, एकाच रेल्वेमार्गावर तयार होत होत्या.

राजनांदगावहून हावड्याच्या दिशेने गाडीत बसले की तासाभराच्या आत दुर्ग, आणि दुर्गला लागून भिलाई. सोव्हिएत संघाबरोबर पोलाद कारखान्याचा करार झाला २ फेब्रुवारी १९५५ रोजी. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन केले. मधल्या चार वर्षांत भाताच्या शेतांवर सेक्टर उगवले. बंगाली, ओडिया, तेलुगू, मल्याळी, पंजाबी, बिहारी माणसे आली. नागपूर, भंडाऱ्याकडून मराठी माणसे आली. ज्यांची गावे कारखान्याखाली गेली ते छत्तीसगढी तर होतेच. कारखान्याने स्वतःच्या शाळा काढल्या. त्या शाळांच्या वर्गात हजेरी घेणाऱ्या मास्तरांना पहिल्या महिन्यात आडनावांचे उच्चार जमले असतील, असे वाटत नाही.

या वर्गात कोणत्या प्रांताचे पुस्तक लावायचे? बापाची उद्या दुर्गापूरला किंवा राउरकेलाला बदली झाली तर मुलाने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची का? एकसमान अभ्यासक्रमाच्या बाजूचा सर्वांत प्रामाणिक युक्तिवाद बदलीच्या हुकमातून आलेला आहे. केंद्रीय विद्यालयांची योजना १९६२मध्ये मंजूर झाली ती याच कारणाने. दुसऱ्या वेतन आयोगाने बदलीच्या नोकऱ्यांमधल्या लोकांच्या मुलांची अडचण मांडली होती आणि १९६३च्या सुमारास लष्करी तुकड्यांच्या वीस शाळा हाती घेऊन सुरुवात झाली. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाची, म्हणजे सीबीएसईची, पुनर्रचनाही १९६२चीच. एनसीईआरटी त्याच्या आदल्या वर्षी, १ सप्टेंबर १९६१ रोजी, स्थापन झाली होती. मुक्तिबोधांचे पुस्तक मंजूर होऊन नामंजूर होत होते, त्याच दोन-तीन वर्षांत दिल्लीत देशभर चालणाऱ्या पुस्तकाची यंत्रणा उभी राहत होती. शिक्षण तेव्हा घटनेप्रमाणे राज्यांचा विषय होते. बेचाळिसाव्या दुरुस्तीने, १९७६मध्ये, ते समवर्ती सूचीत गेले.

गणित, विज्ञान यांच्याबाबतीत भिलाईत हा युक्तिवाद पुरता खरा ठरला. त्रिकोणाला प्रांत नसतो. भिलाईच्या मुलांनी आयआयटीच्या परीक्षांत नाव काढले, त्यात कारखान्याच्या शाळांचा आणि सर्वत्र चालणाऱ्या अभ्यासक्रमाचा वाटा आहेच. इतिहासाच्या तासाला मात्र गोष्ट अडते, आणि मराठी मुलाच्या बाकापाशीच अडते.

महाराष्ट्रातल्या मुलाला चौथीचा इतिहास म्हणजे शिवचरित्र. बालभारतीची स्थापना २७ जानेवारी १९६७ची. तिच्या पुस्तकांवर वाढलेल्या पिढ्यांना मराठ्यांचा इतिहास घरच्यासारखा वाटतो. आता तोच इतिहास भिलाईच्या वर्गात ठेवून पाहा. छत्तीसगडात मराठे आले १७४१मध्ये, नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनानी भास्करपंत बंगालच्या मोहिमेवर निघाले तेव्हा. वाटेत रतनपूरचे हैहय राज्य शरण आले. पुढे बिंबाजी भोसले १७५८पासून १७८७पर्यंत रतनपुरात राहिले. रामटेकडीवरचे मंदिर त्यांचे. त्यांच्यानंतर कारभार सुभेदारांच्या हाती गेला, आणि सारावसुलीच्या त्या काळाची आठवण छत्तीसगढी माणसाला गौरवाची नाही. नांदगावची जमीनदारी बैरागी महंतांकडे आली तीही भोसल्यांच्याच अमलात, आणि मुक्तिबोध जिथे शिकवत ते महाविद्यालय त्या घराण्याच्या वाड्यात आहे. भास्करपंतांची तीच फौज बंगालात पोचली तेव्हा तिला बर्गी हे नाव पडले. गंगारामाच्या ‘महाराष्ट्र पुराण’ या १७५१च्या सुमाराच्या बंगाली काव्यात तिने गावांचे काय केले याचे वर्णन आहे, आणि बंगाली आया अडीचशे वर्षे मुलांना झोपवताना बर्गींची भीती घालत आल्या.

म्हणजे एकाच बाकावर तीन मुले. मराठी मुलाला घरून शिवाजीमहाराज मिळालेले, बंगाली मुलीला अंगाईतून बर्गी, आणि तिसऱ्याच्या गावाने दोन्ही नावांखाली फक्त सारा भरलेला. तिघांना एक पुस्तक द्यायचे तर त्यात काय लिहायचे? सोपा मार्ग असा की कोणालाच फारसे लिहायचे नाही. एनसीईआरटीच्या सातवीच्या जुन्या पुस्तकात मराठ्यांना जेमतेम जागा आहे, अशी तक्रार महाराष्ट्रात वर्षानुवर्षे होती, आणि ती अनाठायी नव्हती. दुसरा मार्ग २०२५मध्ये दिसला. आठवीच्या नव्या पुस्तकात मराठ्यांना सबंध प्रकरण मिळाले. त्यातल्या १७५९च्या नकाशात जैसलमेर मराठ्यांच्या प्रदेशात दाखवलेले निघाले आणि राजस्थानातून निषेध सुरू झाला. एनसीईआरटीला तज्ज्ञांची समिती नेमावी लागली. एका प्रांताला न्याय दिला की दुसऱ्याचा नकाशा बिघडतो. नकाशात चूक असेल तर दुरुस्त व्हायलाच हवी; पण पुस्तक एकच असले की अशी प्रत्येक दुरुस्ती राष्ट्रीय तंटा होते.

आणि तंटा सोडवण्याची किल्ली एकाच हातात असते. आर. एस. शर्मा यांचे प्राचीन भारताचे पुस्तक १९७८मध्ये, जनता सरकारच्या काळात, सीबीएसईच्या अभ्यासक्रमातून काढले गेले. २००१मध्ये इतिहासाच्या पुस्तकांतले परिच्छेद वगळायचा आदेश निघाला. २०२३मध्ये अभ्यासाचे ओझे कमी करण्याच्या नावाखाली बारावीच्या पुस्तकातले मुघल दरबारांचे प्रकरण गेले. सरकारे वेगवेगळी, कात्री तीच.

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग शिक्षण राज्यांकडेच असलेले बरे. तसे म्हणताना १९६२ आठवावे लागते. मुक्तिबोधांचे पुस्तक दिल्लीने अडवले नव्हते. भोपाळने अडवले होते. आणि याच भोपाळने दुसरे एक काम आधी होऊ दिले आणि मग बंद केले. होशंगाबाद जिल्ह्यात १९७२मध्ये सोळा शाळांत विज्ञान प्रयोगांतून शिकवायचा कार्यक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि रसुलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्था त्यामागे होत्या, पुढे १९८२पासून एकलव्य. १९७८पर्यंत जिल्ह्यातल्या सगळ्या माध्यमिक शाळा त्यात आल्या होत्या. साध्या सरकारी शाळांतली मुले फुले उलगडून, भिंगे घासून, स्वतः निरीक्षणे टिपून शिकत होती. परीक्षेला पुस्तक उघडायची मुभा होती. २००२मध्ये राज्य सरकारने तो बंद केला. एका जिल्ह्याने वेगळे का शिकावे, हा त्या वेळचा एक प्रश्न होता. तीस वर्षे एका जिल्ह्याने वेगळे शिकून दाखवले, हे त्याचे उत्तर होऊ शकले असते. कोणी ऐकले नाही.

तेव्हा केंद्र की राज्य, या वादात मला फारसा रस नाही. दोघांनाही एकच पुस्तक आवडते. याला वेगळे उत्तर एका मराठी माणसाच्या हातून गेलेल्या अहवालात आहे, आणि त्याची आठवण फार कमी काढली जाते. कोठारी आयोगाचे (१९६४–६६) सदस्य-सचिव जे. पी. नाईक कोल्हापूर जिल्ह्यातले, गारगोटीच्या मौनी विद्यापीठात घडलेले. या आयोगाने दोन गोष्टी एकत्र मागितल्या. एक, समान शाळा : श्रीमंताचे आणि गरिबाचे मूल परिसरातल्या एकाच शाळेत जावे. दुसरी, पुस्तके मात्र अनेक : प्रत्येक इयत्तेत, प्रत्येक विषयाला किमान तीन-चार मंजूर पुस्तके असावीत आणि शिक्षकाने निवड करावी. शाळा एक, पुस्तके अनेक. देशाने नेमके उलटे केले.

उलटे म्हणजे कसे, ते भिलाईतच पाहता येते. कारखान्याच्या हिंदी माध्यमाच्या शाळा राज्य मंडळाच्या, इंग्रजी माध्यमाच्या शाळा कालांतराने सीबीएसईकडे गेल्या; एकाच वसाहतीत, एकाच भोंग्यावर घर सोडणाऱ्या माणसांच्या मुलांना दोन मंडळे. आणि ही झाली कायम नोकरांच्या मुलांची गोष्ट. कायम नोकरीबरोबर क्वार्टर, दवाखाना, शाळा असे सगळे येई. भिलाईच्या भट्ट्यांना लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली-राजहराच्या खाणींत ठेकेदाराकडे राबणाऱ्या मजुराला यातले फारसे काही नव्हते. शंकर गुहा नियोगींच्या पुढाकाराने १९७७मध्ये त्यांची संघटना झाली. तिने १९८३मध्ये शहीद रुग्णालय उभारले, शाळाही चालवल्या. नियोगींचा खून भिलाईतच झाला, २८ सप्टेंबर १९९१ रोजी. त्या मजुराच्या मुलीच्या हाती सेक्टरमधल्या मुलाचेच पुस्तक दिले, तरी पुस्तक तेवढे सारखे होईल. बाक, मास्तर, प्रयोगशाळा आणि घरची भाषा सारखी होणार नाही. तिची घरची भाषा छत्तीसगढी; पहिलीच्या पुस्तकातली हिंदी तिला मास्तरांच्या तोंडून प्रथम भेटते. ‘एक देश, एक अभ्यासक्रम’ ही मागणी समतेच्या नावाने केली जाते, आणि करणाऱ्यांत प्रामाणिक माणसे पुष्कळ आहेत. पण सारखे पुस्तक ही समतेतली सर्वांत स्वस्त वस्तू आहे. छापले की झाले. कोठारी आयोगाची समान शाळा महाग होती, म्हणून ती राहिली.

माझे म्हणणे विचाराल तर गणित-विज्ञानात कुठल्या इयत्तेला काय यायला हवे, हे देशभर एक असावे. बदलीचा हुकूम भिलाईतल्या बापाला आजही येतो. इतिहास आणि भाषा यांची मंजूर पुस्तके तीन-चार असावीत, आणि त्यांतली दोन तरी एकाच वर्गाच्या कपाटात. बर्गींचे पान आणि शिवाजीमहाराजांचे पान शेजारी उघडून बसलेली आठवीतली मुले काय विचारतील, याची भीती मास्तरांना वाटेल. वाटू द्यावी. १९६२मध्ये मंजूर यादीवर पुस्तके अनेक होती आणि तरी बंदी आली, हा आक्षेप खरा आहे. पण बंदी एका पुस्तकावर आली. बाकीच्या पुस्तकांवर शाळा चालू राहिल्या, आणि भांडता येईल अशा न्यायालयासमोर भांडण गेले. पुढच्या वर्षांत जी राज्य महामंडळे आली, त्यांच्या पुस्तकांवर बंदी घालायची वेळ येत नाही. नको ते पान पुढच्या आवृत्तीत नसते.

दिग्विजय महाविद्यालयाच्या आवारात, तळ्याकाठी, आता मुक्तिबोधांचे स्मारक आहे. ते राहत ती खोली आणि तिचा चक्राकार जिना पाहायला लोक जातात. बंदी आलेले पुस्तक पुढे राजकमल प्रकाशनाने पुन्हा छापले. ते घेतात बहुधा कवितेचे वाचक. ज्या वयाच्या मुलांसाठी ते लिहिले गेले होते, ती आज पंचाहत्तरीच्या पुढे असतील. त्यांतली काही भिलाईच्या भट्टीवर नोकरी करून केव्हाच निवृत्तही झाली असतील.