सरावाला सक्तीची सुट्टी: अमेरिकी शालेय क्रीडाविश्वातील एका नियमाची पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील हायस्कुलांमध्ये, म्हणजे साधारणपणे चौदा ते अठरा वर्षांची मुले जेथे शिकतात त्या शाळांमध्ये, खेळांचा कारभार बव्हंशी विद्यार्थ्यांच्याच हाती होता. सामने ठरवणे, वर्गणी गोळा करणे आणि संघ निवडणे ही कामे मुलेच करीत, आणि शाळेच्या पटावर नाव नसलेले खेळाडू संघात घुसवण्याचे प्रकारही घडत. त्याला आळा घालण्यासाठी मुख्याध्यापकांनी व शिक्षकांनी सूत्रे आपल्याकडे घेतली आणि त्यातून राज्यवार क्रीडासंघटना उभ्या राहिल्या. इंडियानाची संघटना १९०३ मध्ये स्थापन झाली, टेक्सासमध्ये विद्यापीठाच्या छत्राखाली ‘युनिव्हर्सिटी इंटरस्कोलॅस्टिक लीग’ आकाराला आली, आणि १९२० मध्ये मध्य-पश्चिमेतील राज्यांच्या प्रतिनिधींनी शिकागो येथे ज्या महासंघाचा पाया घातला, तोच पुढे राष्ट्रव्यापी झाला.

या संघटनांचे आरंभीचे नियम मुख्यतः खेळाडूच्या पात्रतेविषयी होते: वय किती असावे, अभ्यासात किमान प्रगती किती असावी, शाळा बदलल्यास काय करावे. खेळाडूच्या वेळेवरील मर्यादा मात्र निरनिराळ्या वाटांनी आली. रविवारी खेळू नये हा दंडक प्रॉटेस्टंट समाजाच्या विश्रामवाराच्या परंपरेशी सुसंगत होता आणि टेक्सासच्या नियमावलीत तो आजही आहे. १९८४ मध्ये त्याच राज्याने, विषयात नापास झालेल्या विद्यार्थ्यास काही आठवडे स्पर्धेबाहेर ठेवणारा कायदा केला. शाळेच्या आठवड्यात तासिकांबाहेरचा सराव आठ तासांपुरता मर्यादित करणारा नियमही तेथे आहे.

नाताळची सक्तीची सुट्टी याच दृष्टीची पुढची पायरी म्हणावी लागेल. टेक्सासमध्ये शाळेने नाताळच्या सुट्टीत सलग पाच दिवस सराव व सामने पूर्णपणे बंद ठेवायचे असतात आणि त्यांत २४, २५ व २६ डिसेंबर हे दिवस यावेच लागतात. बास्केटबॉलचा मोसम तेव्हा ऐन भरात असतो आणि जिल्हा पातळीवरील निर्णायक लढती पुढ्यात असतात. अशा वेळी एखाद्या प्रशिक्षकाने स्वेच्छेने संघाला घरी पाठवले, तर शेजारच्या गावातील संघ सराव करीत राहील ही धास्ती त्याला स्वस्थ बसू देत नाही, आणि सराव ऐच्छिक आहे असे कितीही सांगितले तरी संघातील जागा गमावण्याच्या भीतीने मुले हजर होतातच. एकट्याने थांबणे परवडत नाही, म्हणून सर्वांनी एकदम थांबण्याची सक्ती करावी लागते. या नियमाचा खरा रोख मुलांवर नसून मोठ्यांच्या चढाओढीवर आहे.

केंटकीने हीच कल्पना उन्हाळ्यात अधिक कडकपणे राबवली. २५ जून ते ९ जुलै या काळात, ज्याला तेथे ‘डेड पीरियड’ म्हणतात, शाळेच्या प्रशिक्षकाने विद्यार्थ्यांना खेळ शिकवायचा नसतो. शिवाय शाळेचे मैदान, गणवेश, साहित्य, वाहने, निधी, इतकेच काय तर संघाचे टोपणनावसुद्धा वापरता येत नाही. नियमकर्त्यांनी पळवाटा किती बारकाईने हेरल्या होत्या, हे या यादीवरून दिसते. इंडियानामध्ये ४ जुलैच्या स्वातंत्र्यदिनाच्या आठवड्यात असाच विराम असतो.

ही रीत सर्वत्र सारखी मात्र नाही. इलिनॉयमधील पाँटिॲक गावात १९२६ पासून भरणारी बास्केटबॉल स्पर्धा नाताळच्या सुट्टीतच रंगते आणि तेथील लोकांसाठी तोच सणाचा भाग झाला आहे. सुट्टी म्हणजे खेळाला विराम की खेळाला सवड, याविषयीचे दोन प्रामाणिक दृष्टिकोन येथे समोरासमोर येतात. तरीही विरामाची बाजू अधिक न्याय्य वाटते, कारण शाळेतील प्रशिक्षक बहुधा शिक्षकही असतो आणि वर्षभर त्याच्या घरच्यांच्या वाट्याला त्याचा फार थोडा वेळ येतो. नियमाची खरी उणीव वेगळीच आहे. संघटनेचा अधिकार सभासद शाळांपुरताच चालतो. खासगी क्लब आणि शुल्क घेणारे प्रशिक्षक त्याच्या कक्षेबाहेर राहतात, त्यामुळे ज्यांच्या पालकांना तो खर्च झेपतो त्यांचा सराव त्या दिवसांतही सुरू राहू शकतो, आणि विश्रांती मुख्यतः शाळेवरच अवलंबून असलेल्या मुलांच्या वाट्याला येते.