कुंडिनपूर ते ऋद्धिपूर : वऱ्हाडातील विवाहयोजनेची परंपरा

मराठीत 'वऱ्हाड' हा शब्द दोन अर्थांनी रूढ आहे. एका अर्थाने तो वर्धा नदीच्या पश्चिमेस पसरलेल्या, अमरावती व अकोला ही ज्याची प्रमुख नगरे आहेत अशा प्रांताचे नाव होय. दुसऱ्या अर्थाने लग्नासाठी घराबाहेर पडून दुसऱ्याच्या गावी जाणारा समुदाय. अबुल फज्ल याने 'आईन-इ-अकबरी'त प्रांतनामाची उपपत्ती 'वरदातट' म्हणजे वरदा नदीचा काठ अशी लावली आहे. दोन अर्थांतील संबंध भाषाशास्त्राने सिद्ध झालेला नाही. तरीही हा योगायोग अर्थपूर्ण वाटतो, कारण प्राचीन भारतीय वाङ्मयात विदर्भाची कीर्ती ज्या प्रसंगांमुळे झाली, त्यांपैकी बहुतेक प्रसंग दूरदेशीच्या पाहुण्यांना येथे आणणाऱ्या विवाहांचे आहेत.

स्वतःचे घर सोडून रम्य ग्रामीण परिसरात पाहुण्यांसह दोन-तीन दिवस राहून लग्न साजरे करण्याची प्रथा सुस्थित नागर कुटुंबांत रूढ होत आहे. 'डेस्टिनेशन वेडिंग' या नावाने ओळखली जाणारी ही प्रथा सर्वस्वी नवी व परकी आहे, असा समज दिसतो. तिचे अर्थकारण नवे आहे, यात शंका नाही. परंतु लग्नासाठी प्रवास, पाहुण्यांचा मुक्काम, त्यांचे स्वागत आणि पाठवणी यांची योजना हा विषय विदर्भाच्या परंपरेत फार जुना आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, या परंपरेने योजनेच्या सौंदर्याबरोबरच तिच्या मर्यादेचाही विचार केलेला आहे. तो विचार कोणता, हे पाहण्यासाठी प्रथम कुंडिनपुराकडे वळले पाहिजे.

अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यात, वर्धा नदीच्या काठी कौंडिण्यपूर हे गाव आहे. प्राचीन विदर्भाची राजधानी कुंडिनपूर ती हीच, असे सामान्यतः मानले जाते. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी १९६० नंतरच्या दशकात येथे केलेल्या उत्खननात प्राचीन वस्तीचे अवशेष उजेडात आले. उत्खननाने वस्तीचे प्राचीनत्व सिद्ध होते. कथा सिद्ध होत नाही, हा भेद येथे सांभाळला पाहिजे. पुढील विवेचनात कथांचा उपयोग घडलेल्या घटनांचा पुरावा म्हणून केलेला नाही. त्या त्या काळच्या ग्रंथकारांनी विवाहाच्या आयोजनाविषयी काय अपेक्षिले, याचा पुरावा म्हणून केला आहे.

या दृष्टीने पहिला उल्लेख महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यानाचा करावा लागतो. नळाचा शोध लावण्यासाठी दमयंतीने आपल्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता अयोध्येस ऋतुपर्णाकडे पोहोचविली. स्वयंवर दुसऱ्याच दिवशी सूर्योदयी असल्याचे त्याला कळविण्यात आले होते. एका दिवसात शंभर योजनांहून अधिक अंतर रथाने तोडील असा सारथी नळावाचून दुसरा नाही, हे दमयंती जाणून होती. बाहुकाच्या रूपात नळाने हाकलेल्या रथातून ऋतुपर्ण सायंकाळी कुंडिनपुरात पोहोचला. तेव्हा त्याला तेथे स्वयंवराची कोणतीही चिन्हे दिसली नाहीत. इतर राजे नव्हते, राजपुत्र नव्हते, स्वयंवराविषयी कोणी बोलत नव्हते. राजा भीमाला तर या बेताची वार्ताच नव्हती. खजील झालेल्या ऋतुपर्णाने 'आपणास अभिवादन करण्यास आलो' असे सांगून वेळ मारून नेली, आणि एवढ्यासाठी हा इतका लांबून कसा आला, या विचारात भीम पडला. स्वयंवर म्हटले की नगराने ते दिसावयास हवे. त्याची तयारी ही त्याची पहिली ग्वाही होय, ही ग्रंथकाराची अपेक्षा या प्रसंगातून स्पष्ट होते. आणि तयारीचा संपूर्ण अभाव असतानाही त्या रात्री कुंडिनपुरात पतिपत्नींचे पुनर्मीलन घडण्याचा मार्ग मोकळा झाला, हेही तितकेच खरे.

दुसरा प्रसंग कालिदासाच्या 'रघुवंशा'तील इंदुमतीच्या स्वयंवराचा आहे. पाचव्या सर्गाच्या उत्तरार्धापासून सातव्या सर्गापर्यंतचा भाग केवळ काव्य म्हणून न वाचता विवाहयोजनेचा आलेख म्हणून वाचला, तर त्यातील क्रम थक्क करणारा आहे. क्रथकैशिकांचा राजा भोज आपल्या धाकट्या बहिणीच्या स्वयंवरासाठी विश्वासू दूत पाठवून रघूच्या पुत्रास निमंत्रण देतो. संबंध स्पृहणीय आहे व पुत्र विवाहयोग्य झाला आहे, असा विचार करून रघू अजाला सैन्यासह पाठवितो. वाटेवर राजोचित तंबूंचे मुक्काम आहेत. जनपदातील लोक भेटी घेऊन येतात. त्यामुळे प्रवासातील वस्ती उद्यानविहारासारखी सुखकर होते. नर्मदेच्या काठी एक मुक्काम पडतो. नगराजवळ येताच भोज स्वतः सामोरा जातो आणि इतक्या नम्रतेने वागतो की, जमलेल्या लोकांना अज हाच घरधनी आणि भोज हाच पाहुणा वाटावा. पुढे पूर्वद्वारी पूर्णकुंभ ठेवलेल्या नव्या निवासस्थानी अजाची व्यवस्था होते.

यजमान पाहुणा वाटावा आणि पाहुणा यजमान वाटावा, ही कालिदासाची कल्पना आतिथ्याचे सूत्र म्हणावी लागेल. ऐश्वर्य भोजापाशी होते; परंतु कवीने प्रशंसिली ती त्याची नम्रता. विवाहानंतरच्या वर्णनातही हाच तोल दिसतो. भोजाने आपल्या सामर्थ्यानुसार आंदण दिले, असे कवी सांगतो. सामर्थ्याबाहेर दिले असे तो म्हणत नाही. वधूवरांना निरोप देताना तो वाटेत तीन मुक्काम त्यांच्यासोबत राहिला आणि मगच माघारी वळला. मात्र याच पाठवणीच्या वाटेवर, स्वयंवरात नाकारले गेलेले राजे अजाला अडवितात. त्याआधी भोजाच्या सत्काराची परतफेड भेटींच्या निमित्ताने करून, वरकरणी प्रसन्नपणे ते निघाले होते. आतिथ्य कितीही निर्दोष असले तरी पाहुण्यांच्या मनातील मत्सराची योजना यजमानाच्या हाती नसते, हे या प्रसंगाचे तात्पर्य होय.

तिसरा आणि वऱ्हाडाच्या लोकजीवनात सर्वांत खोल रुजलेला प्रसंग रुक्मिणीचा. भागवताच्या दशम स्कंधात भीष्मकाने केलेल्या तयारीचे सविस्तर वर्णन आहे. रस्ते झाडून त्यांवर सडे घातले, ध्वजपताका व तोरणे उभारली, पितर व देव यांची पूजा करून ब्राह्मणांस भोजन दिले, वधूस मंगलस्नान घालून मंगलसूत्र बांधले व नवी वस्त्रे लेवविली, सोने, रुपे, वस्त्रे, गूळमिश्रित तीळ आणि गाई यांची दाने केली. चेदीहून दमघोष वऱ्हाड घेऊन आला. त्याला सामोरे जाऊन, मुद्दाम सिद्ध केलेल्या निवासस्थानी उतरविले. या साऱ्यात उणे काढावे असे काहीच नाही. उणीव होती ती एकच : ही सारी सिद्धता वधूला नको असलेल्या वरासाठी होती. पुत्र रुक्मी याच्या आग्रहाला भीष्मक वश झाला होता.

रुक्मिणीने त्या योजनेतीलच एका विधीचा आधार घेतला. विवाहाच्या आदल्या दिवशी कुलदेवीच्या यात्रेसाठी वधूने नगराबाहेर जाण्याची रीत होती. अंबिकेच्या मंदिराची हीच वेळ आणि हेच स्थळ तिने ब्राह्मणाकरवी श्रीकृष्णास कळविले. म्हणजे ज्या प्रसंगी वधू पायी, सर्वांच्या देखत, पण घरच्या भिंतींबाहेर असते, तोच प्रसंग तिने निवडला. अमरावतीच्या अंबादेवीच्या मंदिराशी ही कथा जोडली जाते. लग्न मात्र द्वारकेस लागले. माहेरी मांडव आणि लग्न परमुलुखात, अशी ही स्थिती आहे. गुजरातेतील माधवपूर येथे आजही चैत्रात कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचा उत्सव भरतो, आणि अरुणाचलातील इदू मिश्मी समाजातही रुक्मिणी आपल्याकडची असल्याची श्रद्धा आहे. इतक्या दूरदूरच्या प्रदेशांनी या विवाहावर हक्क सांगावा, यावरून वधूच्या निवडीला मान देणाऱ्या या कथेचे सामर्थ्य ध्यानात येते. कौंडिण्यपुराने आपला हक्क वेगळ्या रीतीने राखला आहे. तेथून आषाढीस रुक्मिणीची पालखी पंढरपुरास जाते. संत सदाराम महाराजांनी १५९४ मध्ये ती सुरू केली, अशी परंपरा आहे. माहेरच्या माणसांनी लेकीसोबत तिच्या सासरी जाण्याचा हा क्रम भोजाच्या तीन मुक्कामांची आठवण करून देतो.

या कथेला मराठी रूप मिळाले तेही वऱ्हाडातच, आणि तेही एका लग्नाच्या निमित्ताने. मोर्शी तालुक्यातील ऋद्धिपूर, म्हणजे आजचे रिद्धपूर, हे महानुभाव पंथाचे श्रेष्ठ स्थान. तेथे चक्रधरस्वामींचे गुरू गोविंदप्रभू राहत असत. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात गोविंदप्रभूंना लग्नाची लहर आली आणि भक्तांनी ती लीला म्हणून सोहळ्यासह पार पाडली. त्या प्रसंगी महदंबेने कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहावर धवळे रचून गायिले. उत्तरार्धाची रचना पुढे झाली. महदंबा ही मराठीची आद्य कवयित्री मानली जाते. लग्नात वराला उद्देशून गावयाची गीते म्हणजे धवळे. स्त्रियांच्या कंठातील हा प्रकार ग्रंथात आला तो या खेडेगावातील लग्नामुळे. राजाचे ऐश्वर्य नव्हते, आंदण नव्हते, चतुरंग सैन्य नव्हते. एका स्त्रीचे गाणे होते, आणि सातशे वर्षांनंतर त्या सोहळ्यातले तेवढेच टिकून राहिले आहे. नरेंद्राचे 'रुक्मिणीस्वयंवर' त्यानंतरचे. एकनाथांनी १५७१ मध्ये काशीस पूर्ण केलेल्या 'रुक्मिणीस्वयंवरा'त तर द्वारकेच्या लग्नाला महाराष्ट्रीय विधींचे रूप आले, आणि विवाहेच्छू मुलींनी त्याचे पारायण करण्याची रीत घरोघर पडली.

काव्यातील ही योजना गावगाड्याच्या व्यवहारात कशी उतरली होती, हे सीमांतपूजनाच्या विधीवरून कळते. वरपक्ष गावच्या शिवेवर, बहुधा मारुतीच्या देवळापाशी, येऊन थांबे; वधूपक्ष तेथे जाऊन वराची पूजा करी आणि मग वऱ्हाड जानवशाच्या घरी नेले जाई. भोजाने अजाला सामोरे जाण्याचा हा ग्रामीण अवतार होय. मुक्कामाला शेजाऱ्यांची घरे मिळत, बैलगाड्या भाऊबंदांच्या असत, मांडवाचे डहाळे शिवारातून येत आणि बलुतेदारांना त्यांचा मान व वाटा ठरलेला असे. कापूस विकून हाती पैसा आल्यापासून मृगाच्या सरी येईपर्यंतचा काळ लग्नसराईचा. १८६७ मध्ये मुंबईहून येणारा लोहमार्ग अकोला व बडनेरा या मार्गाने नागपुरास पोहोचला. कापसाच्या बाजारपेठांबरोबर सोयरिकींचे क्षेत्रही त्यामुळे विस्तारणे सुलभ झाले. परंतु कापसाच्या भावाशी बांधलेला संसार आणि लग्नाचा खर्च यांची गाठही त्याच काळात पडली.

लग्नखर्चामुळेच शेतकरी कर्जात बुडतो, हे विधान तेव्हापासून वारंवार केले गेले आहे. ते जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. पुणे व नगर भागातील १८७५ च्या दंग्यांनंतर नेमलेल्या आयोगानेही कर्जाचे कारण म्हणून लग्नखर्चाला वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले जाते, असे मत नोंदविले होते. पीक, भाव आणि व्याज यांचे ओझे बाजूला ठेवून दोष केवळ मांडवावर ढकलणे न्याय्य नव्हे. तथापि आधीच वाकलेल्या पाठीवर हे ओझे पडते, हे वऱ्हाडातील दोन लोकशिक्षकांनी ओळखले. शेंडगाव येथे १८७६ मध्ये जन्मलेल्या गाडगेबाबांनी कीर्तनातून ऋण काढून सण व लग्ने करण्यावर कठोर टीका केली. मोझरीच्या गुरुकुंजातून तुकडोजी महाराजांनी साध्या व सामुदायिक विवाहांचा पुरस्कार केला आणि १९५५ मधील 'ग्रामगीते'त विवाहास स्वतंत्र अध्याय दिला. मोझरी आणि कौंडिण्यपूर ही दोन्ही गावे एकाच तिवसा तालुक्यात आहेत, ही गोष्ट सहज नोंदण्याजोगी आहे. पुढे शासनानेही शेतकरी व शेतमजूर कुटुंबांतील मुलींसाठी शुभमंगल सामूहिक विवाह योजनेद्वारे या विचाराला साहाय्य दिले.

या परंपरेच्या प्रकाशात खेड्यातील आजच्या सुशोभित लग्नांकडे पाहिले असता दोन गोष्टी ध्यानात येतात. पाहुण्यांनी प्रवास करून यावे, निसर्गरम्य स्थळी राहावे, त्यांच्या सुखसोयीची बारकाईने काळजी घ्यावी, यात परंपरेला परके असे काही नाही. नर्मदाकाठच्या तंबूंत कालिदासाने हेच वर्णिले. नवे आहे ते इतकेच की, पूर्वी ज्या गावी वऱ्हाड जाई ते गाव वधूचे असे आणि सारे गाव यजमान असे. आज निवडलेले गाव पुष्कळदा दोन्ही पक्षांना परके असते. सीमांतपूजन होते, परंतु शीव कोणाचीच नसते. आणि शेजारच्या शिवारातील शेतकरी त्या मांडवाचा यजमानही नसतो, पाहुणाही नसतो.

विदर्भाच्या कथांनी विवाहयोजनेला तीन कसोट्या लावल्या आहेत, असे या विवेचनावरून म्हणावयास हरकत नाही. यजमानाची नम्रता त्याच्या ऐश्वर्याहून उठून दिसावी, ही इंदुमतीच्या विवाहाची कसोटी. खर्च सामर्थ्याइतकाच असावा, ही भोजाच्या आंदणाची आणि गुरुकुंजातील उपदेशाची. आणि ज्या मुलीसाठी हे सारे चालले आहे तिचे मन त्यात असावे, ही रुक्मिणीची. शेवटची कसोटी उतरली नाही, तर भीष्मकाने घातलेले सडे, उभारलेली तोरणे आणि दिलेली दाने काहीही कामास आली नाहीत. कौंडिण्यपूरची माणसे दरवर्षी पालखी खांद्यावर घेऊन निघतात, ती त्या मांडवाच्या स्मरणासाठी नव्हे. मांडव सोडून गेलेल्या लेकीच्या स्मरणासाठी.