हजारो म्हणजे नेमके किती?

दरवर्षी जानेवारीत माझी एक बातमी ठरलेली असायची. ‘तलावावर हजारो विदेशी पाहुण्यांचे आगमन’. एक फोटो, चार ओळी, झालं काम. काही वर्षांपूर्वी अशीच बातमी आली आणि तलावाच्या पारीवर जाळं दुरुस्त करत बसलेल्या एका ढिवर काकांनी विचारलं, “भाऊ, तुमी मोजले का जी?”

मोजले नव्हते. मग दुर्बीण मागून आणली आणि मोजले. हजार सोडा, शेकड्यातच होते.

तेव्हापासून मोजतो. मोजता मोजता ध्यानात आलं, की आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या तलावांवर मोजणी काही नवीन नाही. प्रश्न एवढाच, की कोण काय मोजत होतं.

गोंड राजांच्या काळात जो तलाव बांधेल त्याला त्याखाली भिजणारी जमीन मिळे, असं जुनी माणसं सांगतात. कोहळी समाजानं या झाडीपट्टीत जागोजागी तलाव-बोड्या बांधल्या. तेव्हा मोजली जायची भिजणारी जमीन. इंग्रजांच्या अमलात मालगुजार आले, मोजला जाऊ लागला सारा. मग १९५० चा मालगुजारी निर्मूलनाचा कायदा आला (विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता) आणि तलाव सरकारजमा झाले. माजी मालगुजारी, म्हणून ‘मामा तलाव’. सरकारी रजिस्टरात सिंचनाचे हेक्टर आले, मासेमारीच्या ठेक्याचे पैसे आले. पाखरांचा रकाना कुठंच नव्हता.

तो रकाना बाहेरून आला. युरोपात १९६७ पासून पाणपक्ष्यांची हिवाळी गणना एकाच वेळी अनेक देशांत होऊ लागली. भारतीय उपखंडात ती १९८७ ला सुरू झाली. आशियाई पाणपक्षी गणना म्हणतात ती हीच. जानेवारीत ठरलेल्या दिवसांत, दरवर्षी त्याच तलावावर, साधी माणसं जाऊन मोजतात. पगार नाही, भत्ता नाही.

रीत सोपी आहे. थवा मोठा असला तर आधी दहा पक्षी नीट मोजायचे, तेवढी जागा नजरेत धरायची आणि तसे किती गठ्ठे बसतात ते बघायचं. अडई वेगळी, चक्रवाक वेगळा, कपाळावर पांढरा टिळा असलेला वारकरी वेगळा. काहीच दिसलं नाही तर शून्य लिहायचं. शून्यही नोंदच आहे.

एका वर्षाच्या आकड्यानं काही सिद्ध होत नाही. पाऊस कमी झाला, पाखरं दुसऱ्या तलावावर गेली, असं होतं. पण दहा वर्षांची वही बोलते. उथळ पाण्यात डोकं खाली घालून चरणारी बदकं कमी झाली आणि पाणकावळे तेवढे उरले, तर समजावं की कड गेली, नुसता खड्डा राहिला. बेशरम माजली, इकॉर्निया पसरली, तेही वहीत दिसतं. चंद्रपूरच्या गोंडकालीन रामाळा तलावासाठी २०२१ मध्ये इको-प्रोच्या बंडू धोतरेंना उपोषणाला बसावं लागलं. तलाव एका रात्रीत खराब होत नसतो. बिघाड आधी वहीत उतरतो, रस्त्यावर नंतर येतो.

हे आज लिहायचं कारण आहे. येत्या उन्हाळ्यात आमच्या तलावाचा गाळ काढायचं घाटतंय. मी विरोधात नाही. गाळ शेतात गेला पाहिजे, धानाला पाणी मिळालंच पाहिजे. पण पोकलेन चारही बाजूंनी उभी कड कापत गेला, तर चिखलात चरणाऱ्या पाखरांनी उतरायचं कुठं? आणि उथळ पाण्यातली वनस्पती गेली की माशांची पिल्लंही जातात, हे ढिवर काका माझ्याआधीपासून सांगत आलेत.

ग्रामसभेत मी वही ठेवली. थोडं हसणं झालं, “पत्रकारभाऊ पाखरं मोजते” म्हणून. मग एक बाजू उतरती ठेवायचं कबूल झालं. तोंडी. लेखी घ्यायचं बाकी आहे, आणि त्यासाठी मी पुढच्या सभेलाही जाणार.

तुमच्या गावात मामा तलाव असेल तर जानेवारीत एक सकाळ काढा. शाळेतली दोन पोरं सोबत घ्या. नावं येत नसतील तर ढिवरांना विचारा, त्यांना येतात. आकडा लिहा, तारीख लिहा, वही जपून ठेवा.

आणि माझ्यासारखं न मोजता ‘हजारो’ लिहू नका.