चिखलाचे रसायन

अटक हे नाव निघाले की मराठी माणसाला १७५८ सालची राघोबादादांची स्वारी आठवते. आज आपण त्याच मुलखात जाणार आहोत. मात्र तेथे प्रश्न झेंड्यांचा नव्हता, चिखलाचा होता.

अटक जिल्ह्यातील खौर येथे १९१५ साली खनिज तेल लागले आणि अटक ऑईल कंपनीच्या विहिरी पोटवारच्या पठारावर खोल जाऊ लागल्या. तेलाची विहीर खोदताना पातळ चिखल नळातून सतत खाली सोडावा लागतो. फिरत्या गिरमिटाला तो थंड ठेवतो, कातलेल्या खडकाचा चुरा वर आणतो आणि आपल्या भाराने भूगर्भातील वायूचा व पाण्याचा दाब आवरून धरतो. या चिखलाची या भागात खाऱ्या पाण्याशी गाठ पडे आणि तो गोठून दगडासारखा घट्ट होई. मग पुढचे छिद्रण अशक्यच. कंपनीची माणसे लाहोरला पंजाब विद्यापीठात रसायनाच्या एका प्राध्यापकाकडे आली.

हे प्राध्यापक म्हणजे शांतिस्वरूप भटनागर. जन्म १८९४ चा, शाहपूर जिल्ह्यातील भेरा गावचा. वडील आठ महिन्यांच्या मुलाला मागे ठेवून वारले. १९२१ साली लंडन विद्यापीठाची डी.एस्‌सी. मिळवून भटनागर परतले, तीन वर्षे काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात राहिले (तेथील कुलगीत यांनीच रचले, रसायनाच्या माणसाला काव्याचे वावडे असते असे कोणी समजू नये) आणि १९२४ मध्ये लाहोरला आले.

भटनागरांना या प्रश्नात यंत्रविद्येपेक्षा कलिल रसायन दिसले. मातीच्या अतिसूक्ष्म कणांवर ऋण विद्युत्‌भार असतो. त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात आणि पाण्यात तरंगत राहतात. मीठ मिसळले की हे दूर लोटणे दुबळे होते, कण एकत्र येतात, त्यांचे गोळे बनतात. भटनागरांनी चिखलात एक देशी डिंक घातला. चिखल अधिक प्रवाही झाला आणि मिठाला दादही देईनासा झाला. श्रोत्यांपैकी ज्यांच्या घरी जुन्या पोथ्या असतील त्यांना यात फारसे नवल वाटणार नाही. काजळाची शाई करताना आपल्या पूर्वजांनी डिंकच घातला होता, आणि काजळ तळाशी बसू नये हाही त्यामागचा एक हेतू होता. शाई करणाऱ्याला कृती ठाऊक होती. प्राध्यापकाला तिचे कारणही ठाऊक होते, म्हणून ते शाईची युक्ती तेलविहिरीत नेऊ शकले.

कंपनीचा व्यवहार पाहणारी लंडनची स्टील ब्रदर्स ही पेढी इतकी संतुष्ट झाली की तिने पेट्रोलियमविषयक संशोधनासाठी दीड लाख रुपये देऊ केले. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती, आणि भटनागरांच्या घरी संपत्ती चालत आलेली नव्हती. तरीही अशा कामातून स्वतःसाठी पैसा घेण्याचे त्यांनी सातत्याने नाकारले. रक्कम विद्यापीठाकडे गेली आणि तिच्यातून पेट्रोलियम संशोधनाचा स्वतंत्र विभाग उभा राहिला. मेणाचा दुर्गंध घालविणे, रॉकेलच्या ज्योतीची उंची वाढविणे, तेलाच्या कारखान्यांतील टाकाऊ द्रव्यांचा उपयोग करणे, असे विषय तेथे हाताळले गेले. विषयांची ही यादी पाहिली म्हणजे पैसा कोणाचा होता हे न सांगताही कळते. पण कंदिलाच्या उजेडात संध्याकाळ काढणाऱ्या देशाने निदान ज्योतीच्या उंचीला तरी नाके मुरडू नयेत.

मेघनाद साहा यांनी १९३४ साली भटनागरांना पत्र लिहून त्यांचे अभिनंदन केले. या कृतीमुळे विद्यापीठातील शिक्षकांची प्रतिष्ठा लोकांच्या नजरेत वाढली, असा त्यांचा अभिप्राय होता. साहांची दाद मिळणे सोपे नव्हते. मला स्वतःला दीड लाखांपेक्षा हे पत्र मोठे वाटते. गिऱ्हाईकाला माल देऊन दाम घेणारा व्यापारी आणि शिक्षक यांत फरक कोठे पडतो, हे त्यात एका समव्यावसायिकाने ओळखले होते.

पुढची कथा मात्र इतकी सरळ नाही. १९४० मध्ये भटनागर लाहोर सोडून सरकारी संशोधनाच्या कामाला लागले, १९४२ मध्ये वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद स्थापन झाली, आणि स्वातंत्र्यानंतर राष्ट्रीय प्रयोगशाळांची मालिकाच उभी राहिली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्‌घाटन पंडित नेहरूंनी ३ जानेवारी १९५० रोजी केले. देशाला या प्रयोगशाळांची गरज होती, यात वाद नाही. परंतु कारखानदाराला आता विद्यापीठाची पायरी चढण्याचे कारण उरले नाही. उत्तम उपकरणे आणि पैसा प्रयोगशाळांत एकवटला आणि विद्यापीठे पुष्कळशी परीक्षा घेण्यापुरती राहिली, अशी तक्रार पुढे अनेक वर्षे होत राहिली. ती निराधार आहे असे मला वाटत नाही. लाहोरच्या वर्गात विद्यार्थी आणि कंपनीचा अडलेला चिखल एका छताखाली आले होते; तसा योग भटनागरांच्याच हातून उभ्या राहिलेल्या व्यवस्थेत दुर्मिळ झाला.

१ जानेवारी १९५५ रोजी भटनागर दिल्लीत निवर्तले. खौरच्या विहिरी आणि लाहोरचे विद्यापीठ तोपर्यंत सीमेपलीकडे जाऊन सात वर्षे उलटली होती.