चौकाचं वेळापत्रक

सिग्नल बंद पडला की आपण मान वर करून दिव्यांकडे बघतो. खरं तर बघायला हवं खाली. फुटपाथच्या कडेला, बहुधा एखाद्या पानठेल्याच्या आडोशाला, लोखंडाची एक करडी पेटी उभी असते. तिच्यावर कुणी ट्यूशन क्लासची जाहिरात चिकटवलेली असते, कुणी सायकल टेकवलेली असते. चौकाचा सगळा कारभार त्या पेटीत चालतो. गेल्या उन्हाळ्यात आमच्या भागातल्या एका चौकातल्या पेटीचं मुख्य कार्ड बदललं, आणि पुढे जे झालं त्यामुळे मी या विषयाच्या मागे लागले. जन्म इतिहास शिकवण्यात गेला, म्हणून सुरुवात १८६८ पासून करते. कंटाळू नका!

त्या वर्षी डिसेंबरात लंडनमध्ये पार्लमेंटजवळ जगातला पहिला वाहतूक सिग्नल उभा राहिला. तेव्हा मोटारी नव्हत्या, गर्दी घोडागाड्यांची होती. जे. पी. नाइट हा रेल्वे सिग्नलांचा इंजिनिअर. त्याने रेल्वेचीच तऱ्हा रस्त्यावर आणली. दिवसा वरखाली होणारे हात, रात्री गॅसचे लाल-हिरवे दिवे, आणि ते चालवायला खाली एक पोलीस. जानेवारी १८६९ मध्ये गॅस गळून स्फोट झाला, पोलीस जखमी झाला आणि प्रयोग गुंडाळला गेला.

मग ५ ऑगस्ट १९१४ रोजी अमेरिकेत क्लीव्हलँड इथे विजेचा सिग्नल लागला. १९२० मध्ये डेट्रॉइटच्या विल्यम पॉट्सने चार बाजूंचा आणि तीन रंगांचा सिग्नल केला, मधला पिवळा त्यातलाच. हा पॉट्स स्वतः पोलीस खात्यातला, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. चौकात उभं राहिल्याशिवाय पिवळ्याची गरज कळणं कठीण!

आपल्या नागपुरात माझ्या लहानपणी, म्हणजे साठच्या दशकात, चौक म्हटला की शिपाईच डोळ्यांसमोर येई. बर्डीवर छत्रीखालच्या ओट्यावर उभं राहून तो हात दाखवायचा आणि सायकलींचा लोंढा थांबायचा. नऊवारीतली एखादी आजी कडेला घुटमळताना दिसली, तर तो सगळ्यांना थोपवून तिला आधी जाऊ द्यायचा. किती सेकंद द्यायचे हे त्याच्या डोळ्यांत होतं, कुठे लिहिलेलं नव्हतं.

हे 'किती सेकंद' माणसाच्या डोळ्यांतून यंत्रात कसं गेलं, तोच खरा इतिहास. आधी आला विजेच्या मोटरीवर सावकाश फिरणारा दंडगोल. त्यावर खुंट्या बसवलेल्या. खुंटी आली की एक दिवा विझायचा, दुसरा लागायचा. वेळ बदलायची तर पेटी उघडून खुंटी सरकवा. १९५८ मध्ये वेबस्टर या इंग्रज संशोधकाने सूत्र मांडलं, की चौकाचा पूर्ण फेरा किती सेकंदांचा असावा. फेरा फार लहान ठेवला तर दिवे बदलण्यातच वेळ जातो, फार मोठा ठेवला तर लोक ताटकळतात. १९६३ मध्ये टोरांटो शहराने सिग्नल संगणकावर चालवायला घेतले. १९७१ मध्ये इंटेलचा ४००४ हा मायक्रोप्रोसेसर बाजारात आला, आणि पुढे असे प्रोसेसर इतके स्वस्त झाले की प्रत्येक चौकाच्या पेटीत एकेक बसवता आला. खुंट्यांची जागा आकड्यांनी घेतली.

पेटीत पुस्तकांच्या फडताळासारखे खाचे असतात आणि त्यांत कार्डं उभी बसवलेली असतात. काही कार्डं फक्त दिवे लावतात-विझवतात. ती आमच्या शाळेच्या शिपायासारखी, सांगितलं की घंटा देणार. प्रोसेसरचं कार्ड म्हणजे मुख्याध्यापकांच्या खोलीतलं वेळापत्रक. सकाळी शाळा भरताना कुठल्या रस्त्याला किती हिरवा, दुपारी किती, पायी चालणाऱ्यांना किती, ते सगळं त्यात. त्याला स्वतःचं घड्याळ असतं आणि वीज गेली तर वेळ चुकू नये म्हणून छोटी बॅटरी. शिवाय एकमेकांना छेदणाऱ्या दोन रस्त्यांना एकदम हिरवा लागू नये यावर वेगळी नजर असते. तसं काही दिसलं की सगळे दिवे सोडून चौक लुकलुकत्या पिवळ्यावर जातो. म्हणजे 'बाबांनो, आता आपापलं सांभाळा'.

कार्ड बिघडतं का? आमच्या मे महिन्यात बंद लोखंडी पेटीत बसून बघा, मग विचारा! कूलरचा कंडेन्सर उडणं प्रत्येक नागपूरकराला ठाऊक. त्याच जातीतले छोटे कंडेन्सर कार्डावर असतात, आणि सुमारे दहा अंश उष्णता वाढली की त्यांचं आयुष्य निम्म्यावर येतं असा इंजिनिअर लोकांचा ठोकताळा आहे. धूळ आहे, वीज परत येतानाचा झटका आहे, जूनमधला कडकडाट आहे. मे २०२४ मध्ये आपल्याच शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले होते. देशभर बातमी झाली, आणि मग हवामान खात्याने सांगितलं की उपकरणातच दोष होता.

कार्ड बदलणं तसं तासाभराचं काम. तंत्रज्ञ आधी वाहतूक पोलिसाला चौक हातात घ्यायला सांगतो, मग वीज बंद करतो. अंगातल्या स्थिर विजेने नवं कार्ड जळू नये म्हणून मनगटाला जमिनीशी जोडलेला पट्टा बांधतो. जुनं ओढून काढतो, त्याच जातीचं नवं सरकवतो, घड्याळ लावतो. आधी पिवळा लुकलुकतो, मग चारही बाजू लाल, मग फेरा सुरू. दोन-चार फेरे उभं राहून बघायचे की झालं.

पण नवं कार्ड कोरं असतं, किंवा त्यात कुठले तरी सर्वसाधारण आकडे भरलेले असतात. या चौकात शाळा आहे, समोर दवाखाना आहे, हे त्याला ठाऊक नसतं. आमच्या चौकात नेमकं हेच झालं. आधी चालणाऱ्यांना २० सेकंद मिळत. नव्या कार्डाने १२ दिले. मी घड्याळ लावून आठ दिवस मोजले. विचारायला गेले तेव्हा तिथल्या तरुणाने अदबीने सांगितलं, "मॅडम, जुने टायमिंग जुन्या कार्डातच होते. कागदावर नाहीत."

बारा सेकंद हा आकडाही हवेतून येत नाही. हिशेबात माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरण्याची जुनी रीत आहे. १५ मीटरचा रस्ता म्हणजे साडेबारा सेकंद. गुडघे दुखणारा माणूस सेकंदाला ०.८ मीटर चालला तर त्याला जवळजवळ १९ लागतात. अमेरिकेने २००९ मध्ये आपला आकडा चार फुटांवरून साडेतीन फुटांवर आणला, तो अशाच सावकाश चालणाऱ्यांसाठी. आमच्या सकाळच्या फिरण्याच्या मंडळातल्या तिघींनी तो चौक सोडून दिला आहे. दवाखाना पलीकडे आहे, त्यामुळे आता त्या रिक्षा करतात. रस्ता ओलांडायला रिक्षा!

मी अर्ज दिला आहे. मागणी दोनच ओळींची. एक, चालण्याचे २० सेकंद परत द्या. दुसरी मला जास्त महत्त्वाची वाटते. प्रत्येक पेटीच्या दाराच्या आतल्या बाजूला त्या चौकाचं वेळापत्रक, तारीख घालून, प्लास्टिकच्या पाकिटात लावा. बदली झाली की शिक्षक वर्गाची वही पुढच्याच्या हाती देऊन जातो. कार्ड ते करू शकत नाही, ते माणसालाच करावं लागेल. शिपायाच्या डोळ्यांत जे होतं ते आपण यंत्रात घातलं, चांगलंच केलं. त्याची नक्कल ठेवायची मात्र राहून गेली.

अर्जाची पोच मिळाली आहे, उत्तर यायचं आहे. तोवर भाचेमंडळी, तुमच्या पुण्या-मुंबईच्या नि परदेशातल्या चौकांत चालायला किती सेकंद मिळतात, मोजून कळवा. रस्त्याची रुंदीही पावलांनी मोजा बरं का, नुसते सेकंद उपयोगाचे नाहीत.